आपल्याच माणसाला हिशेब विचारताना

आमच्या बौद्धवाडीच्या तोंडाशी, जिथून वाट विहाराकडे वळते, तिथे सिमेंटचा एक फलक उभा आहे. त्याचा निळा रंग पार उडाला आहे, तरी अक्षरे लागतात. योजनेचे नाव, कामाचे नाव, मंजूर रक्कम आणि त्याखाली सर्वांत ठसठशीत अक्षरांत आमच्या त्या वेळच्या सदस्याचे नाव. रकमेपेक्षा नाव मोठे आणि नावापेक्षा नावाआधीची विशेषणे मोठी. काम किती मीटरचे, हे मात्र फलकावर कुठेच नाही. ते विचारायला हवे होते, हे आमच्या ध्यानी यायला दोन पावसाळे जावे लागले.

गोष्ट २०१२ सालची आहे. पनवेल महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. तालुक्यातील २९ गावे तिच्यात गेली, त्यांत आमचेही गेले. त्याआधी आम्ही ग्रामपंचायतीत होतो. तळोज्याच्या कारखान्यांत राबणारी, पनवेलच्या बाजारात भाजी विकणारी, खारघर-कळंबोलीच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारी माणसे आमच्या वाडीत राहतात. राखीव जागेवर आमच्याच वाडीतला एक होतकरू मुलगा उभा राहिला, तेव्हा आम्ही उभयता घरोघर फिरलो. पोस्टरे चिकटवली. निकालाच्या रात्री आमच्या चुलीवर चहाचे पातेले सात वेळा चढले. त्याची आई आणि आम्ही एकाच हापशीवर पाणी भरलेले. तो आम्हाला काका-काकी म्हणायचा. निवडून आला आणि महिन्याभरात वाडीतली म्हातारी माणसेसुद्धा त्याला 'भाऊ' म्हणू लागली. (आपल्याकडे माणूस एकदा निवडून आला की भाऊ होतो आणि दुसऱ्यांदा आला की साहेब.)

त्याच्या काळात वाडीला गटार मंजूर झाले. योजना आपलीच, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीच्या विकासाची. नारळ फुटला, फोटो निघाले, गटार बांधून झाले. पण ते आमच्या घराच्या बरेच अलीकडे, पिंपळाशी येऊन थांबले. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या घरांचे सगळे पाणी त्या गटारातून जोराने आले आणि जिथे गटार संपले तिथून शेवटच्या चार घरांत शिरले. त्या चारांत आमचे एक. रात्री दोन वाजता तांदळाचा डबा कॉटवर, कॉटवर मुले आणि आम्ही दोघे घमेल्याने पाणी बाहेर टाकतो आहोत, असा तो जुलै गेला. आम्ही त्याला भेटलो. तो म्हणाला, "काकी, निधीच तेवढा आला. उरलेले पुढच्या वर्षी करू." आम्ही मान डोलावली. आपलाच मुलगा, खोटे कशाला बोलेल?

पुढचाही पावसाळा तसाच गेला.

आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. माहितीच्या अधिकाराबद्दल तिने कॉलेजात ऐकले होते. एका रविवारी तिने जोडपत्र 'अ' भरले, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि आमच्यापैकी एकाची सही घेतली. कशासाठी सही करतो आहोत याचा आम्ही फारसा विचार केला नव्हता. सव्वीस दिवसांनी पत्र आले. चौदा पाने, पानाला दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस रुपये भरून घेऊन जा. कागद देणाऱ्यांनी काही खळखळ केली नाही, हे इथे सांगितले पाहिजे.

त्या चौदा पानांत अंदाजपत्रक होते, कार्यारंभ आदेश होता, मोजमाप पुस्तिकेची नक्कल होती आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला होता. सगळीकडे एकच आकडा, साठ मीटर. आम्ही गवंडीकाम करणाऱ्या शेजाऱ्याकडून टेप मागून आणली आणि गटार मोजले. अडतीस भरले. टेप वाकडी धरली असेल म्हणून पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मुलीने मोजले. अडतीसच. बावीस मीटर गटार कागदावर बांधले गेले होते आणि त्याचे बिलही निघाले होते. कागदावर ठेकेदाराचा पत्ता होता. तो पत्ता आम्हाला पाठ होता, कारण त्या घरी आम्ही लग्नाला गेलो होतो. सदस्याच्या सासऱ्याचे घर. ठेका मेहुण्याच्या नावावर.

त्या रात्री जेवण कोणाच्या घशाखाली उतरले नाही. चोर सापडला याचा आनंद वगैरे काही नव्हता. मुलगी म्हणत होती, ग्रामसभेत विचारू या. आम्ही म्हणत होतो, गावातले सगळे बसलेले असताना आपल्या वाडीतल्या एकुलत्या एका सदस्याला आपणच उभे करायचे? बाकीच्या वाड्यांत काय कमी खाल्ले गेले असेल? वाडीतल्या एका वडीलधाऱ्यांकडे आम्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली आणि जे बोलले ते आम्हाला आजही खोटे वाटत नाही. म्हणाले, "इतकी वर्षे दुसऱ्यांनी खाल्ले, तेव्हा या वाडीत कुणी टेप काढली नाही. आपल्यातला एक पोरगा खुर्चीवर बसला, तर लगेच टेप निघाली. बाहेरचे हसतील आणि पुढच्या वेळी म्हणतील, बघा, यांना दिले की असे होते."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. टेप आधीच काढायला हवी होती, हे खरेच होते. पण दुसरे एक मनात येत होते. तो निधी आला होता आपल्या वस्तीच्या नावाने. वस्ती मागास राहिली म्हणून आला होता. आमच्या घरात पाणी शिरते, हे दाखवून तो पैसा मंजूर झाला आणि पाणी शिरतच राहिले. परक्याने खाल्ले असते तर संताप आला असता. आपल्याने खाल्ले म्हणून तो गिळायचा, तर मग आमची चार घरे कुणाची?

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तसे त्या वर्षीही चालले होते. महाडच्या सत्याग्रहावर बोलायला त्या दिवसांत एक निवृत्त शिक्षक आले होते. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तो २० मार्च १९२७ चा दिवस आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पण त्याच्या आगेमागे जे ठराव झाले ते आपण फारसे सांगत नाही. त्या गुरुजींनी ते सांगितले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. झाले, कागदावर तळे खुले! तीन वर्षे एकाही माणसाला त्या तळ्याचे पाणी मिळाले नाही. मग बाबासाहेब आले, पाणी प्यायले, माणसांची डोकी फुटली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला तो ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. पुढे कज्जा चालला तो मुंबई हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये आपल्या बाजूने सुटला.

हे सगळे आपल्याच जिल्ह्यात घडले. महाड आणि पनवेल दोन्ही तेव्हाच्या कुलाब्यातलीच. गुरुजी म्हणाले, ठराव करणाऱ्यांची आणि मोडणाऱ्यांची नावे नगरपालिकेच्या दप्तरात असतात. हात वर करणारा माणूस मरून जातो, पण हात वर केल्याची नोंद राहते. तसेच त्या गावात सुरबानाना टिपणीसांसारखे, नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले स्पृश्य गृहस्थ बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदीवर आहे. आपला कोण आणि परका कोण, हे जातीवरून ठरवले असते तर टिपणीसांना कुठे बसवायचे?

आम्ही त्या रात्री कागद पुन्हा काढले.

वर्षावास संपतो तेव्हा भिक्षूसंघात पवारणा होते. आपल्या पुष्कळ घरांत हा शब्द माहीत आहे, पण त्यात काय करतात ते माहीत नसते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू एकमेकांसमोर बसतात आणि प्रत्येकजण संघाला विनंती करतो की माझ्याकडून काही चूक झालेली कुणी पाहिली असेल, ऐकली असेल किंवा कुणाला नुसती शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगावे, मी ती सुधारीन. याची सुरुवात सर्वांत वडील भिक्षू करतो. सर्वांत लहानाला आधी उभे करीत नाहीत. आणि शंकासुद्धा बोलायची मुभा आहे. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्षूसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव हे सगळे संसदीय नियम ठाऊक होते आणि ते बुद्धांच्या काळापासून होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल देशाला सावध केले होते. आपण ते वाक्य दुसऱ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना ऐकवतो. भाऊला ऐकवत नाही.

अश्विन पौर्णिमेला विहारात ग्रंथसमाप्ती झाली. खीर वाटून झाली. भाऊ पुढच्या रांगेत बसला होता. आमच्यापैकी एकाने उभे राहून आधी स्वतःबद्दल सांगितले की विहाराच्या वर्गणीचा मागच्या वर्षाचा हिशेब आमच्याकडे होता, तो आम्ही फलकावर लावला नाही, ही आमची चूक. ते खरेच होते. एकशे साठ रुपयांचा मेळ लागत नव्हता म्हणून आम्ही तो लावायचे टाळले होते. मग चौदा पाने पुढे ठेवली आणि विचारले, "भाऊ, साठ मीटर लिहिले आहे. आम्हाला अडतीस सापडले. आमचे मोजताना चुकले असेल तर तू मोजून दाखव."

तो आधी हसला. मग चिडला. "कुणी शिकवले तुम्हाला हे?" असे विचारले. कुणाच्या पक्षाने, असे त्याला म्हणायचे होते. मुलगी म्हणाली, "मी." मग तो जे बोलला, ते रागाने बोलला तरी त्यात काही खरे होते. तो म्हणाला, "मला मिळते काय? त्यात पेट्रोल भागत नाही. मयत झाली की मी, दवाखाना लागला की मी, लग्नात आहेर मी. पाचशेच्या खाली कुणी पाकीट घेत नाही. जयंतीची वर्गणी सर्वांत जास्त माझ्याच नावावर लिहिता. ते पैसे कुठून येतात, हे तेव्हा कुणी विचारले का?"

विहार गप्प झाला. आम्हीच निकालाच्या रात्री म्हणालो होतो, आता जयंती दणक्यात झाली पाहिजे.

या प्रश्नावर बाबासाहेबांनी काय भूमिका घेतली होती ते आम्ही नंतर शोधून वाचले. १९३७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या विधानसभेत मंत्र्यांच्या पगाराचे बिल आले. काँग्रेसचे मंत्री पाचशे रुपये पगार घेणार आणि त्यातच त्यागाचा मोठेपणा सांगितला जात होता. बाबासाहेब विरोधी बाकावर होते. कमी पगार म्हणजे आपोआप पुण्य, हे त्यांनी मानले नाही. पगार ठरवताना राहणीमान, लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार गोष्टी पाहाव्या लागतात, असे त्यांनी मांडले. गरीब माणसाला निवडून येऊन काम करायचे असेल तर त्याला जगण्यापुरते उघड मिळाले पाहिजे, आणि मग त्याच्याकडून शुद्ध कारभार मागता आला पाहिजे, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. आपण दोन्ही सोडतो. सदस्याच्या मानधनाबद्दल कधी बोलत नाही आणि त्याच्याकडून आहेराची पाकिटे मात्र घेतो.

त्या रात्री काही ठरले नाही. कायद्याचेही आम्ही विचारून पाहिले. ग्रामपंचायतीच्या कायद्यात सदस्याला पंचायतीच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवता येत नाही, ठेवला तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. महानगरपालिकेच्या कायद्यातही तसेच कलम आहे. पण मेहुणा कागदावर भागीदार नाही आणि काम कुठल्या कार्यालयाने दिले यावरही पुष्कळ अवलंबून, असे वकिलाने समजावले. सिद्ध करायला वर्षे जातील. आमच्यात तेवढी ताकद नव्हती. आम्ही फक्त कागदाच्या नकला काढल्या आणि वाडीतल्या प्रत्येक घरात एक-एक नेऊन दिली.

दिवाळीच्या आधी एक टेम्पो आला. वाळू, खडी, सिमेंट उतरले. आठ दिवसांत गटार पिंपळापासून पुढे आमच्या घराच्या पुढेपर्यंत गेले. कुणी काही बोलले नाही. आम्ही टेप काढली नाही, मुलीने काढली. एकोणीस मीटर भरले. तीन मीटरचा हिशेब अजून बाकी आहे!

भाऊचे आणि आमचे बोलणे बंद झाले ते बरीच वर्षे. आमच्या मुलीच्या लग्नात त्याच्या घरून कुणी आले नाही. त्याची आई वाटेत दिसली की पदर सावरून दुसरीकडे बघायची. वाडीत दोन तट पडले, आणि विहारात बसायच्या बाजूसुद्धा वेगळ्या झाल्या. गटार मिळाले त्याची ही किंमत होती आणि ती कमी नव्हती. ज्या कुटुंबांना असे काही विचारायचे आहे त्यांनी हे आधी समजून असावे.

आमच्या वाडीचे प्रकरण बावीस मीटरचे. पनवेलने त्याहून फार मोठे पाहिले आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष विवेकानंद पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे चार वेळा निवडून आलेले आमदार. बँक त्यांची, शिक्षणसंस्था त्यांची, क्रीडा अकादमी त्यांची. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये गुन्हा दाखल झाला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींवर रक्कम काढून ती त्यांच्याशी संबंधित संस्थांकडे वळवली, असा आरोप. जून २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला आणि त्याच महिन्यात सुमारे २३४ कोटींची मालमत्ता जप्त झाली. आरोप खरे की खोटे हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. ठेवीदारांना मात्र निकालाआधीच भोगावे लागले. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच एक लाखावरून पाच लाख झाली होती, म्हणून छोट्या ठेवीदारांना पैसे मिळण्याची वाट तरी राहिली. ती मर्यादा जुनीच असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

आमच्या मनात त्या दिवसांत एकच येत होते. आमदार म्हणून या माणसाला लोकांनी चार वेळा मत दिले. मत देताना त्यांच्या पक्षाचे पाहिले, मोर्चातले भाषण पाहिले, लग्नाला आले की नाही ते पाहिले. बँकेचा वार्षिक अहवाल किती जणांनी पाहिला? सहकारी संस्थेची वार्षिक सभा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पुढे विषय वाचतात, मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि अर्ध्या तासात वड्याची प्लेट हातात पडते. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, एवढे विचारायलाही कुणी उठत नाही. जो माणूस कायदे करणाऱ्या सभागृहात बसतो तोच आपल्या पैशाच्या पेटीवरही बसलेला असेल, तर त्याला दोन्हीकडे विचारावे लागते. आणि विचारणारे फक्त त्याचे राजकीय विरोधक असले, तर लोक म्हणतात राजकारण आहे, आणि गप्प बसतात.

उमेदवाराची माहिती पूर्वी मिळतच नसे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली निकाल दिले, त्यानंतर मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचे प्रतिज्ञापत्र देणे उमेदवाराला बंधनकारक झाले. २०१८ च्या निकालानंतर उत्पन्न येते कुठून आणि सरकारी ठेके घरात कुणाकडे आहेत, तेही त्यात आले. आपली शिकलेली मुले हे प्रतिज्ञापत्र घरी बसून मोबाईलवर वाचू शकतात. मागच्या निवडणुकीतले आणि या निवडणुकीतले शेजारी-शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडते. आमच्या मुलीने एकदा तसे वाचून दाखवले, तेव्हा आमच्या शेजारणीने फक्त एवढेच विचारले, "पाच वर्षांत एवढी जमीन? याने पेरले काय?"

खर्चाचेही असेच. आमदारकीच्या उमेदवाराला निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्रात ही मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख आहे. प्रचारातल्या गाड्या आणि जेवणावळी ज्याने डोळ्यांनी पाहिल्या, त्याने तो हिशेब वाचावा, त्याची करमणूक होईल. खासदारांच्या स्थानिक विकास निधीचे तर आपण लक्षच ठेवत नाही. वर्षाला पाच कोटी. त्यातले पंधरा टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांतल्या कामांसाठी सुचवायचे असतात. पनवेल आहे मावळ मतदारसंघात. पंधरा टक्के म्हणजे वर्षाला पंच्याहत्तर लाख. ते कुठल्या वस्तीत, कुठल्या कामाला लागले, हे कुणीही दहा रुपयांच्या अर्जात विचारू शकतो.

मतांचे मात्र अवघड आहे. आपला आमदार सभागृहात कोणत्या बाजूने मत देतो हे बहुतेक वेळा कळतच नाही, कारण बहुतेक गोष्टी आवाजी मतदानाने होतात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेत सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने मंजूर झाला. मतविभागणी झाली नाही म्हणून गदारोळ झाला. 'होय' म्हणणारे कोण आणि 'नाही' म्हणणारे कोण, कुठे लिहिलेच गेले नाही. महाडच्या ठरावाची नोंद तरी सापडते. नगरसेवकांच्या बाबतीत इतिवृत्त असते. पनवेलात मालमत्ता कराची बिले २०१६ पासूनची मागची बाकी धरून आली, तेव्हा प्रत्येक नगरसेवक सांगत होता की मी विरोधच केला होता. इतिवृत्ताची नक्कल मागितली की कळते, कुणी मांडले, कुणी अनुमोदन दिले, कुणी लेखी विरोध नोंदवला आणि कोण त्या दिवशी आलेच नव्हते.

आपल्याच माणसाला विचारण्याचे एक जुने उदाहरण आहे. १९५१ साली मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने संसदेत प्रश्न विचारल्याबद्दल मुद्गल नावाच्या सभासदाची चौकशी झाली. सभासद काँग्रेसचा, सरकार काँग्रेसचे, आणि ठराव खुद्द पंडित नेहरूंनी मांडला. सभागृहातून काढले जाणार हे दिसताच मुद्गलांनी राजीनामा दिला. नेहरूंशी बाबासाहेबांचे अनेक बाबतींत पटले नाही, आपलेही पटत नाही, पण ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

गावे महानगरपालिकेत गेली, तेव्हा आमची ग्रामसभा गेली. वर्षातून चार वेळा का होईना, उभे राहून विचारायची ती जागा होती. त्याऐवजी शहरात क्षेत्रसभा घ्यायची असते, असे कायदा सांगतो; आमच्या वाडीत ती आम्ही एकदाही पाहिली नाही. पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षे निवडून आलेला माणूसच नव्हता, प्रशासकाचा कारभार होता. चुकीचा का होईना, विचारायला कुणी तरी दारात असावा, असे त्या काळात पुष्कळांना वाटू लागले होते. आम्हालाही वाटले. भाऊचीसुद्धा आठवण झाली.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक आली. १५ तारखेला मतदान होते. त्याआधी विहारात पोरापोरींनी एका कागदावर चार प्रश्न लिहून काढले होते. घरात कुणाचा ठेका आहे का, कोणत्या संस्थेवर पदाधिकारी आहात, दर सहा महिन्यांनी वाडीत येऊन हिशेब द्याल का, असे ते प्रश्न. चौथ्यावर वाद झाला म्हणून तो मोकळा सोडला. एका पॅनेलचे उमेदवार संध्याकाळी वाडीत आले. हार-तुरे झाले. पोराने कागद वाचायला घेतला, तसा त्यांतला एकजण हसून म्हणाला, "हे निवांत बसून बोलू, आता आठ वाड्या करायच्या आहेत." ते निघाले.

तेवढ्यात भाऊची आई, आता तिला काठीशिवाय चालवत नाही, गर्दीतून पुढे आली आणि फलकापाशी त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. काठीने तिने त्या उडालेल्या निळ्या रंगाकडे दाखवले आणि उमेदवाराला म्हणाली, "बाळा, चौथा माझ्याकडून लिहून घे. फलक लावशील तेव्हा त्यावर मीटर लिहिशील का?"